ई-सर्चवर भाऊबंद सापडतात का? वारसाच्या कामासाठी सूची-2 ची पारख

नोंदणी व मुद्रांक विभागाची फुकट ई-सर्च सेवा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची-2 (दस्तातली मिळकत आणि पक्षकार यांचा गोषवारा) ऑनलाइन शोधायची सोय, बहुतेक लोक फ्लॅट घेण्याआधी उघडतात. पण वाटणीच्या किंवा वारसाच्या कामात 'हे आपले नेमके कोण लागतात' हा प्रश्न अडला असेल, तरी ती कामाची आहे. पाचपैकी साडेतीन गुण. दस्त कोणत्या कार्यालयात आहे ते ती चोख सांगते. नातं मात्र दस्ताच्या मजकुरात आणि फेरफारातच शोधावं लागतं.

'उर्वरित महाराष्ट्र' निवडा, मग वर्ष, जिल्हा (इथे उदाहरण पुण्याचं), तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक. एका वेळी एकच वर्ष शोधता येतं, त्यामुळे खातेदाराच्या मृत्यूच्या वर्षापासून पुढे सरकत जा. पोटहिस्सा टाकू नका, नुसता मूळ नंबर टाका. वर्णन लिहिणाऱ्याने 12/3अ चं '12 हि. 3' केलं असेल तर नोंद हातून सुटते. पुण्याच्या हवेली तालुक्यातली जी गावं महापालिकेत आली, तिथे सर्व्हे नंबर आणि सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) दोन्ही तपासा.

यादीत 'दस्त प्रकार' पाहताना खरेदीखतं सोडून आधी हक्कसोडपत्रं आणि वाटणीपत्रं उघडा. सगळ्यात जास्त माल हक्कसोडपत्रात असतो. सातबाऱ्यावर कधीच न आलेल्या बहिणी तिथे सासरच्या नावाने, पत्त्यासह आणि वयासह सापडतात. वयावरून जन्मसालाचा अंदाज येतो. मात्र वय सांगितलेलं असतं, दोन-चार वर्षांचा फरक धरूनच चाला. बहीण वारली असेल तर तिची मुलं सही करतात, म्हणजे एक अख्खी शाखा आयती मिळते.

दस्त टिपताना क्रमांक, वर्ष आणि कार्यालय तिन्ही लिहा. पुण्यात हवेली क्रमांक 1, 2, 3 अशी बरीच कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाचे क्रमांक दर वर्षी नव्याने सुरू होतात. नुसतं '1234/2008' घेऊन खिडकीवर गेलात तर हात हलवत परत याल. सूची-2 वर थांबू नका, दस्ताची नक्कल काढा. 'आमचे वडील अमुक साली मयत झाले, त्यांना पहिल्या पत्नीपासून दोन मुली' असली वाक्यं नकलेतच असतात.

आता कापलेले दीड गुण. साधारण 2002 च्या आधीचं काही इथे मिळेल अशी आशा धरू नका. त्यासाठी कार्यालयात शोध-अर्ज आणि फी. दुसरं, मृत्युपत्र इथे दिसणारच नाही. सूची-2 ही नोंदणी कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक 1 ची, म्हणजे स्थावर मिळकतीच्या दस्तांची, आणि मृत्युपत्रं पुस्तक क्रमांक 3 मध्ये. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 57 प्रमाणे मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते, मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही. तेव्हा मृत्यूचा दाखला जोडूनच अर्ज द्या. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे नोंद नाही म्हणजे मृत्युपत्र नाही असं समजू नये. मिळालंच तर कोणाला काय दिलं यापेक्षा कोणाला का दिलं नाही तो परिच्छेद आधी वाचा. डावललेल्या मुलाचं नाव तिथेच येतं.

मागच्या पिढ्यांसाठी फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, आणि वारस नोंदवही 6-क. इथे आणेवारी वाचता आली पाहिजे. सोळा आणे म्हणजे पूर्ण हिस्सा, बारा पै म्हणजे एक आणा. दोघांपुढे 5 आणे 4 पै आणि आणखी दोघांपुढे 2 आणे 8 पै असेल, तर बहुधा मूळ भाऊ तीन, आणि तिसऱ्याच्या जागी त्याचे दोन मुलगे. 'ए.कु.मॅ.' लिहिलेला एकटा मुलगा एकुलता नसतो. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, धाकटे भाऊ त्याच्या नावामागे दडलेले. 'अ.पा.क.' दिसलं की पुढचं नाव अज्ञानाच्या, म्हणजे अल्पवयीन वारसाच्या, पालनकर्त्याचं, पुष्कळदा आईचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या वारस नोंदीत मुली दिसल्या नाहीत म्हणून 'मुली नव्हत्या' असं वंशावळीत लिहू नका.

1 एप्रिल 1957 नंतर एकदम नवं आडनाव चढलं तर सोयरीक शोधत बसू नका, आधी कूळ कायद्याच्या कलम 32-ग ची नोंद पाहा. तो बहुधा कूळ असतो. आणि गट नंबर मागे नेताना एकत्रीकरणाचा तक्ता (कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरचा कोणता गट झाला ते दाखवणारा) घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुना सर्व्हे 45 आणि आजचा गट 45 यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसू शकतो.

पेठेतल्या वाड्याला सातबारा नाही. तिथे मालमत्ता पत्रक आणि त्याच्या मागची चौकशी नोंदवही नगर भूमापन कार्यालयातून मागवा. जुनं खत मोडी लिपीतलं निघालं तर नुसतं लिप्यंतर नको, नावं, तारखा आणि चतुःसीमा (चारही बाजूंना कोणाची मिळकत आहे ते) वेगळ्या लिहून देणारा वाचक पाहा. शेजाऱ्याच्या नावात पुष्कळदा चुलतभाऊच निघतो.