कॉन्टेसासाठी आधी पार्किंग, मग घर: पाथर्डी फाट्यावरील फ्लॅटचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही नाशिकच्या पाथर्डी फाटा परिसरात, पार्किंगवर चार मजले असलेल्या इमारतीत, दोन बेडरूमचा पुनर्विक्रीचा फ्लॅट घेतला. आता पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू तेथे काढून झाले आहेत. आमची अट इतर खरेदीदारांपेक्षा थोडी निराळी होती. एकूण खर्च पंचेचाळीस लाखांच्या आत बसवायचा होता आणि वडिलांनी हौसेने घेतलेल्या, आता माझ्याकडे असलेल्या कॉन्टेसा क्लासिक या जुन्या मोटारीला छताखालची, सुरक्षित आणि कागदोपत्री पक्की जागा हवी होती. घराच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि गॅलरी यांबद्दल मी येथे फारसे लिहिणार नाही. ते सर्व ठीक आहे. लिहायचे आहे ते पार्किंगबद्दल.

कॉन्टेसाचे उत्पादन हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये सुरू केले आणि २००२ मध्ये थांबवले. आमच्या गाडीला इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आहे. पत्रा, काचा, दिव्यांच्या चौकटी, दरवाज्यांची रबरे यांपैकी काहीही आज दुकानात जाऊन सहज मिळत नाही. इतक्या जुन्या गाडीची विम्यात धरली जाणारी किंमतही अगदीच अल्प असते. म्हणजे गाडी चोरीला गेली, कोणी काच फोडली किंवा पत्रा सडला, तर पैशांनी भरून येण्यासारखे ते नुकसान नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्याच्या आणि रात्री गाड्या पेटवून दिल्याच्या बातम्या सिडको व नाशिकरोडच्या रहिवाशांनी अनेकदा वाचल्या आहेत. त्यामुळे गाडी रस्त्यावर उभी करण्याचा पर्याय आम्ही विचारातच घेतला नाही.

शोधाच्या वेळी सर्वांत उपयोगी पडली ती मोजपट्टी. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मोटारीच्या एका जागेचे माप २.५ मीटर बाय ५ मीटर धरले जाते. मात्र एकूण जागांपैकी निम्म्यापर्यंत जागा २.३ मीटर बाय ४.५ मीटर इतक्या लहान ठेवण्याची मुभा त्याच नियमावलीत आहे. आमची गाडी बंपरपासून बंपरपर्यंत जवळजवळ ४.६ मीटर भरते आणि तिची रुंदी सुमारे १.७ मीटर आहे. याचा अर्थ असा की, नियमात चोख बसणाऱ्या लहान जागेतही गाडीचे नाक किंवा शेपूट बाहेर राहते आणि दोन्ही बाजूंना कॉलम असतील तर प्रत्येक बाजूला जेमतेम ३० सेंटीमीटर उरतात. तेवढ्या फटीतून मोठ्या माणसाला उतरता येत नाही. विक्री प्रतिनिधी ‘कार पार्किंग आहे’ असे सांगतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो; पण कोणती कार, हे त्याला विचारावे लागते.

इंदिरानगर, जेल रोड आणि म्हसरूळ भागांत आम्ही पाहिलेल्या काही नव्या इमारतींमध्ये आमच्या किमतीच्या फ्लॅटला यांत्रिक पार्किंगमधील जागा देऊ केली जात होती. खालच्या खड्ड्यात एक गाडी आणि तिच्या वरच्या पाळण्यावर दुसरी, अशी ती रचना असते. लहान हॅचबॅकसाठी ती चालून जाईल. कॉन्टेसासाठी मात्र तीन गोष्टी आड आल्या. पाळण्याची लांबी अपुरी होती. खड्ड्यातील पाणी उपसणारा पंप वीज गेल्यावर चालतो का, याचे समाधानकारक उत्तर कोठेच मिळाले नाही. शिवाय जुन्या इंजिनातून तेलाचा एखादा थेंब गळतोच आणि तो खालच्या गाडीच्या टपावर पडणे शेजारधर्माला धरून झाले नसते. एका ठिकाणी तर विकासकाच्या माणसाने उघड्या आवारातील जागेसाठी वेगळी रक्कम रोख मागितली. तेथून आम्ही लगेच परतलो.

या बाबतीत कायदा काय म्हणतो, हे प्रत्येक खरेदीदाराने नीट समजून घ्यायला हवे असे मला मनापासून वाटते, कारण पार्किंगच्या नावाखाली मध्यमवर्गीय माणसाचे पैसे जितके बुडतात तितके क्वचितच दुसऱ्या कशात बुडत असतील. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात स्पष्ट केले की, इमारतीखालची खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती सामाईक जागा असून विकासक ती फ्लॅटप्रमाणे स्वतंत्रपणे विकू शकत नाही. पुढे २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यात उघड्या पार्किंगचा समावेश सामाईक क्षेत्रात झाला आणि छत व तीन बाजूंना भिंती असलेली जागा म्हणजे गॅरेज, अशी व्याख्या आली. महारेराने, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये आणखी एक चांगली गोष्ट केली. आच्छादित पार्किंगचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतील नेमके ठिकाण विक्री करारासोबतच्या जोडपत्रात देणे विकासकांना बंधनकारक झाले. नवा फ्लॅट घेणाऱ्याने हे जोडपत्र वाचल्याशिवाय करारावर सही करू नये.

आमचा फ्लॅट पुनर्विक्रीचा असल्याने हे जोडपत्र आमच्या वाट्याला येणार नव्हते. म्हणून आम्ही महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत मिळवली आणि त्यावरील पार्किंगच्या चौकटी प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहिल्या. त्यानंतर सोसायटीने मूळ मालकाला दिलेले पार्किंग वाटपाचे पत्र पाहिले आणि तीच जागा आमच्या नावे करण्यास व्यवस्थापक समितीची हरकत नाही, असे लेखी घेतले. विक्रेत्याचा तोंडी शब्द कितीही गोड असला तरी, खांबांखालच्या जागेचे वाटप करण्याचा अधिकार सोसायटीचा असतो, त्याचा नव्हे. जुनी इमारत निवडल्याचा आर्थिक फायदाही झाला. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, मिळालेल्या पुनर्विक्रीच्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम चालू असलेल्या घरावर तो परवडणाऱ्या श्रेणीत १ टक्का आणि त्यापलीकडे ५ टक्के असतो. फ्लॅट माझ्या नावे असल्याने मुद्रांक शुल्कात महिलांना मिळणारी १ टक्क्याची सवलतही मिळाली.

परिसर निवडताना पाण्याचा विचार आधी केला. गोदावरीला पूर आला की नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठवर लागले, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. लोकांच्या लक्षात येत नाही ती नासर्डी. सातपूर, उंटवाडी, मुंबई नाका या भागांतून जाणारी ही नदी एरवी नाल्यासारखी दिसते, पण जोराच्या पावसात तिच्या काठच्या सखल आवारांत पाणी शिरायला वेळ लागत नाही. घरात पाणी आले नाही तरी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये येते आणि गाडीच्या सीटखालचा पत्रा एकदा भिजला की आतून गंज धरतो. म्हणून नदीपासून दूर, चढावरची आणि तळघर नसलेली इमारत, एवढे आम्ही पक्के ठरवले होते. पाथर्डी फाट्याजवळ ती मिळाली. अंबडची औद्योगिक वसाहत जवळ असल्याने जुन्या गाड्यांवर काम करणारे डेंटिंगवाले, वायरमन आणि खराद्यांची दुकाने हाकेच्या अंतरावर आहेत, हा न मागता मिळालेला लाभ.

बयाणा देण्यापूर्वी आम्ही गाडी प्रत्यक्ष तेथे लावून पाहिली आणि तीही रात्री जेवणे झाल्यानंतर, म्हणजे इमारतीतील सर्व वाहने जागेवर असताना. दुपारी रिकामे पार्किंग पाहून कोणालाही जागा प्रशस्तच वाटते. आमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि तिला वळायला मोठा घेर लागतो. फाटकातून आत, डावीकडे वळून, मागे घेत कोपऱ्यात, एवढे करताना समोरच्या दोन स्कूटर हलवाव्या लागल्या. त्या कायम तेथेच असतात की कसे, हे रखवालदाराला विचारून घेतले. आमची जागा आवारभिंतीला लागून आहे. भिंत गाडीच्या डाव्या हाताला येते, त्यामुळे चालकाची उजवी बाजू मोकळी राहते आणि पलीकडचा कॉलम दरवाजाच्या मागे पडतो. हा कोपरा रखवालदाराच्या खोलीतून सरळ दिसतो. कॅमेरा आहे, पण माझा अधिक विश्वास त्या खोलीच्या खिडकीवर आहे.

पहिल्याच पावसाळ्यात या जागेचा एक दोष समोर आला. वरच्या मजल्यांच्या सांडपाण्याचा पाइप पार्किंगच्या छताखालून जातो आणि त्याच्या सांध्याजवळ स्लॅबला ओल होती. तेथून गाडीच्या बॉनेटवर अधूनमधून थेंब पडत. सकाळी पाहिले तर गडद निळ्या रंगावर रुपयाएवढी पांढरी वर्तुळे, कडा जाड आणि मध्यभाग पातळ. बोटाने पुसली तर जाईनात. काँक्रीटमधून झिरपणाऱ्या पाण्यात चुना असतो आणि तो रंगाच्या वरच्या थराला खातो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये पाणी घालून, मऊ कापडाने हलके दाबत डाग सैल केले आणि लगेच भरपूर पाण्याने धुतले. दोन वर्तुळांच्या खुणा तरीही राहिल्या. समितीने सांधा बदलून दिला, पण ते काम होईपर्यंत महिना गेला. पार्किंग पाहायला जाणाऱ्याने मान वर करून छतही पाहावे. पांढरे ओघळ, लहान चुनखडीचे सुळके किंवा पाइपाभोवती नव्या सिमेंटचा लेप दिसला तर ती जागा पावसाळ्यात पुन्हा जाऊन पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

आच्छादनाबाबतही येथेच शिकायला मिळाले. छत असूनही धूळ येते, विशेषतः मार्चपासून पुढे, कारण मुंबई–आग्रा महामार्ग जवळ आहे. प्लास्टिकचे चमकदार कव्हर घातले की आत दमटपणा कोंडतो आणि पावसाळ्यात पत्र्याच्या घड्यांमध्ये गंज सुरू होतो. म्हणून जाड सुती कव्हर शिवून घेतले. ते हवा खेळू देते आणि धुता येते. उन्हाळ्यात उंदरांचा त्रास झाला. इंजिनाच्या उबेला येऊन त्यांनी एका वायरचे आवरण कुरतडले. मागच्या बाजूची कचऱ्याची पिंपे आमच्या कोपऱ्यापासून हलवल्यावर आणि गाडी आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढण्याचा नियम केल्यावर तो त्रास बराच कमी झाला.

हिवाळ्याची अडचण निराळी होती. नाशिकचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो त्या दिवसांत कार्ब्युरेटरची गाडी सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही आणि सुरुवातीची काही मिनिटे धूर व पेट्रोलचा वास येतो. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना दम्याचा त्रास आहे. त्यांनी सौम्य शब्दांत सांगितल्यापासून मी गाडी सुरू होताच फाटकाबाहेर नेते आणि तेथे तापू देते. कागदावर जागा आपली असली तरी हवा सर्वांची असते, हे छताखालच्या पार्किंगमध्ये जुनी गाडी ठेवणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

काही परिचितांनी जागेला शटर लावून घ्या, असे सुचवले. ते आम्ही केले नाही. मंजूर नकाशात जी जागा खांबांमधली, भिंती नसलेली पार्किंग म्हणून दाखवली आहे, तिला भिंती किंवा शटर घालणे हे अनधिकृत बांधकाम ठरते आणि आग लागल्यास ते इतरांच्याही जिवावर बेतू शकते. आगीची चिंता मला चोरीपेक्षा अधिक वाटते. आमच्या इमारतीत विजेचे मीटर पार्किंगमध्येच आहेत आणि अलीकडे दोन विद्युत स्कूटर साध्या एक्स्टेंशन वायरवरून रात्रभर चार्ज होत असत. पेट्रोलच्या टाकीपासून काही फुटांवर अशी तापलेली वायर पडलेली पाहून मी समितीकडे लेखी अर्ज केला. आता एका भिंतीवर स्वतंत्र एमसीबीसह (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणाऱ्या बटणासह) चार्जिंगची जागा झाली आहे आणि मीटरच्या पेटीशेजारी अग्निशामक नळकांडे बसवले आहे. त्याच्या पुनर्भरणाची तारीख मी स्वतः पाहते.

छताखालच्या जागेचा खरा हिशेब गाडीच्या फिटनेस तपासणीच्या वेळी झाला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. आमची मुदत याच काळात आली. पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात गाडी दाखवण्यापूर्वी मेकॅनिकने ती वर उचलून तळ तपासला, तेव्हा मागील चाकांजवळची जुनी गंजाची जागा वाढलेली नव्हती. पूर्वीच्या भाड्याच्या घरी गाडी निंबाच्या झाडाखाली उघड्यावर असे आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर तेथे पॅच मारावा लागे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. पाहुण्यांच्या दुचाकी आमच्या वळणाच्या वाटेवर लागतात आणि रात्री उशिरा गाडी आत घेताना रखवालदाराला त्या हलवाव्या लागतात. जमिनीवर पिवळ्या रेषा आखून वळणाची वाट मोकळी ठेवावी आणि पाहुण्यांसाठी फाटकाजवळची पट्टी राखावी, असा ठराव मी सप्टेंबरअखेरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती केली आहे. तळमजल्याच्या आराखड्यावर मापे टाकून अर्जासोबत जोडली आहेत आणि तीन शेजाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या आहेत.