आवाज ऐकवून स्टिक विकणाऱ्यापासून सांभाळा

दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात जिथे जिथे पूलचं, म्हणजे स्टिकनं बॉल ठोकून भोकात घालायच्या खेळाचं, टेबल आहे तिथे एक माणूस फिरतो. खांद्याला रेक्झिनची लांब पिशवी, आत तीन-चार स्टिका. सोयाबीनचे पैसे हातात आले की याचा सीझन. त्यानं माझ्या पुतण्याच्या गळ्यात एक स्टिक मारली, साडेसहा हजाराला. मी तिथेच उभा होतो, म्हणून सगळं सांगता येतं.

सुरुवात गोष्टीनं. नागपुरातला जुना क्लब बंद पडला, तिथला हा माल. त्याआधी ही स्टिक जबलपूरच्या साहेबांच्या मेसमध्ये होती म्हणे. आता स्नूकरचा, म्हणजे पूलच्याच जातीतल्या दुसऱ्या खेळाचा, जन्म १८७५ साली जबलपूरच्या इंग्रज अधिकाऱ्यांत झाला असं सांगतात, हे पोरांना माहीत. त्यामुळे गोष्ट लगेच पटते. पण स्नूकरच्या स्टिकची टीप, म्हणजे बॉलला टेकणारं टोक, नऊ-दहा मिलिमीटरची, फेरूल, म्हणजे टीपमागचं कडं, बहुतेक पितळेचं. याच्या हातातली तेरा मिलिमीटरची, पांढऱ्या फेरूलची, सरळ सरळ पूलची स्टिक. हे बोलायला सवडच मिळाली नाही, कारण त्यानं टेबल मोकळं करायला लावलं, फक्त पांढरा बॉल ठेवला आणि ताकदीनं ठोकला. टिनाचं शेड, उघड्या भिंती. टण्ण! मग हॉलची स्टिक घेऊन तोच बॉल मारला, जरा हळूच. थप्प.

"ऐका भाऊ, लाकूड बोलते! कॅनडाचं मेपल हाय हे."

लाकूड नव्हतं बोलत, टीप बोलत होती. टीप बॉलला टेकते ती सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याएवढीच. टीप जितकी कडक तितका तो स्पर्श आखूड आणि आवाज तितका तीक्ष्ण. त्यानं चामड्याऐवजी फिनॉलिकची, म्हणजे कडक प्लास्टिकसारखी, टीप लावली होती, जी ब्रेकच्या (बॉल फोडायच्या) आणि जंपच्या (बॉल उडवायच्या) स्टिकला लावतात. हॉलच्या स्टिकची टीप मात्र मऊ, कडेनं फुगलेली. त्यात फटक्याचा जोर वेगळा, वर टिनाचा घुमारा. टीपखालोखाल आवाज ठरतो फेरूलवर, ते काठीवर किती घट्ट बसलंय त्यावर, जॉइंट, म्हणजे स्टिकचे दोन भाग जुळतात ती जागा, लाकडाला लाकूड आहे की मध्ये स्टील आहे त्यावर. शाफ्टच्या, म्हणजे टीपकडच्या बारीक भागाच्या, लाकडाचाही वाटा असतो, पण टीप बदलली की त्याच स्टिकचा आवाज पार बदलतो. शे-दोनशेचं काम.

बिल मागितलं तर गडी कानाशी आला. "फेरूल हस्तिदंताचं हाय, बिल कसं देऊ?" हे सगळ्यात हुशारीचं. पूर्वी स्टिकांना हस्तिदंत लावत, हे खरंच. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आज त्याचा व्यापार गुन्हा आहे. म्हणजे घेणारा आपणहून गप्प. पोराला वाटलं आपल्याला घबाड सापडलं.

पुतण्या फिरकी द्यायला गेला की टीप घसरायची. फिनॉलिकवर चॉक, म्हणजे टीपला घासायचा खडू, धरतच नाही. म्हणून अमरावतीला एका स्टिक दुरुस्त करणाऱ्याकडे चामड्याची टीप बसवून घेतली, आणि खरा आवाज बाहेर आला: दर फटक्याला बारीक झुंई. कडक टीपच्या ठणक्यात तो दबून गेला होता. कारागिरानं बटच्या, म्हणजे हातात धरायच्या जाड भागाच्या, टोकाचं रबर काढलं. आत वजनाचा बोल्ट, त्याला वर्तमानपत्राची घडी गुंडाळलेली, आता सैल पडलेली. फेरूल ब्लेडनं खरवडलं तर साधं प्लास्टिक, त्याखाली शाफ्टची चीर गोंदानं बुजवलेली. बटवरची नक्षी नखानं निघाली, स्टिकर होतं ते. जॉइंटची चकचकीत स्टीलची रिंग फक्त वरून चढवलेली. "दीड हजाराच्या वर एक रुपया नको होता," तो म्हणाला. त्याचा हिशेब मला तरी बरोबर वाटला.

असा कोणी तुमच्या गावात आला तर त्याची आणि हॉलची अशा दोन्ही स्टिका त्याच्या हातून घ्या आणि ओळखीच्या खेळाडूला मारायला सांगा, एकाच जोरानं, बॉलच्या मधोमध. टीपला नख लावून बघा. चामडं असेल तर थोडं दबतं. जॉइंटपाशी सैल धरून स्टिकवर तळहातानं थापटा, आत काही सुटं असेल तर झणझणतं. शाफ्ट आणि बट वेगळे करून एकेक टेबलावर गडगडत सोडा. जोडलेली स्टिक वाकडी असूनही कधीकधी सरळ भासते. बटखालचं रबर काढू देत नसेल तर पैसे खिशातच राहू द्या.

आमच्याकडे बिल नाही, पण पैसे फोनवरून दिले होते, त्यामुळे व्यवहाराची नोंद आहे. तिचा स्क्रीनशॉट आणि स्टिक घेऊन ठाण्यात लेखी अर्ज दिलाय. विकणाऱ्याचा नंबर आता बंद लागतो. याच पट्ट्यात आणखी कोणी अशी स्टिक घेतली असेल तर टीप बदलायच्या आधी तिचे फोटो काढून ठेवा. फिनॉलिकची टीप हाच त्याच्या लबाडीचा पुरावा, आणि आमची तर अमरावतीच्या कचऱ्यात गेली.