इक्थिओसिसची टेस्ट: ब्लड स्मिअर, मायक्रोअ‍ॅरे की थेट एक्झोम?

बाळाच्या अंगावर खपल्या, स्किनवाले डॉक्टर म्हणतात इक्थिओसिस (कातडीवर खपल्या धरणारा आजार) आहे, जेनेटिक टेस्ट करून घ्या, आणि एक्झोमचा (सगळ्या जीनचे प्रोटीन बनवणारे भाग एकदम वाचणाऱ्या टेस्टचा) खर्च ऐकून घरच्यांचे डोळे पांढरे होतात. सगळ्यांना एक्झोम लागतेच असं नाही.

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड असतात, त्यांच्यामुळे अंगातलं पाणी आत टिकतं. ते बनवणारं, पोचवणारं किंवा मोडणारं एखादं प्रोटीन जन्मतःच बिघडलेलं असलं की खपल्या धरतात. पण काही आजारांत गरजेचं लिपिड (म्हणजे असा स्निग्ध पदार्थ) कमी पडतं आणि काहींत नको ते साठत जातं, आणि टेस्ट काय क्रीम काय, निवडताना आधी हेच बघायचं.

मुलगा असेल, जन्मानंतर काही आठवड्यांनी-महिन्यांनी गडद तपकिरी खपल्या आल्या, मान मळल्यासारखी दिसते (आणि पाहुणे 'नीट आंघोळ घालत नाही का गं' विचारून वात आणतात), तळहात-तळपाय मात्र स्वच्छ, तर एक्स-लिंक्ड, म्हणजे एक्स क्रोमोसोमवरच्या बिघाडामुळे होणाऱ्या, इक्थिओसिसचा संशय घ्यावा. मामाला किंवा आईच्या वडिलांना असंच होतं का ते विचारा, आणि गरोदरपणाची फाइल काढा, ट्रिपल मार्कर या रक्ततपासणीत एस्ट्रिऑल हे हार्मोन फार कमी आलं असेल तर तोही धागा आहे, कारण या आजारात नसणारं स्टेरॉइड सल्फटेज हे एन्झाइम एस्ट्रिऑल बनायला बाळाच्या वारेतही लागतं. ते नसलं की कोलेस्टेरॉल सल्फेट साठतं आणि जुन्या पेशी सुटायच्या त्या चिकटूनच राहतात. साधारण ९०% रुग्णांत हे एन्झाइम बनवणारा अख्खा एसटीएस जीनच गायब असतो, म्हणून इथे मायक्रोअ‍ॅरे (क्रोमोसोमचे गायब तुकडे शोधणारी टेस्ट) पुरते. फिशमध्येही (FISH, एकच ठरावीक जागा चमकत्या खुणेने बघणारी टेस्ट) हा जीन गेलेला दिसतो, पण शेजारचे जीन गेलेत का ते मायक्रोअ‍ॅरेत जास्त नीट कळतं, म्हणून माझं मत तिलाच.

बाळ जन्मतःच प्लास्टिकसारख्या चकचकीत पापुद्र्यात होतं, म्हणजे कोलोडियन बेबी, तर गोष्ट वेगळी. एलॉक्स१२बी, सर्स३, एबीसीए१२, पीएनपीएलए१ असे कितीतरी जीन यात येतात, एकेक शोधत बसण्यात पैसे वाया, इथे पॅनेल (ठरावीक जीनचा गट एकत्र तपासणारी टेस्ट) किंवा एक्झोमच. नवराबायको मामे-आते भावंडं असतील तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, दोन्हीकडून एकच बिघाड येण्याची शक्यता वाढते. आणि लॅब डिलीशनही (जीनचा तुकडा गायब असणं) तपासते का, हे सॅम्पल देण्याआधी विचारा.

ब्लड स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघणं, त्यामानाने अगदी स्वस्त, तरी लोक विसरतात. खपल्या आहेत आणि एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) वाढलंय किंवा लिव्हर मोठं लागतंय, तर चानारिन-डॉर्फमन या आजारासाठी स्मिअर हवाच. यात एबीएचडी५ हा जीन बिघडलेला असतो, साठवलेली चरबी नीट मोडत नाही आणि पांढऱ्या पेशींत गोल रिकामी भोकं दिसतात. मशीनच्या सीबीसीवर भरवसा ठेवू नका, पॅथॉलॉजिस्टना काय शोधायचंय ते सांगून स्लाइड डोळ्यांनी बघायला लावा.

आता क्रीम. सिरॅमाइडवालं महागडं क्रीम घेतलं की कमी पडलेलं भरून निघेल असं वाटतं, पण एलॉक्स१२बीच्या बिघाडात अडतं ते पेशीच्या कवचाला पक्कं जोडलं जाणारं, खूप लांब साखळीचं सिरॅमाइड, ते ट्यूबमधून जागेवर बसत नाही. रोजच्यासाठी साधं पेट्रोलियम जेली-लिक्विड पॅराफिन भरपूर लावणं परवडतं. चाइल्ड (CHILD) सिंड्रोम हा जन्मजात आजार, ज्यात बहुतेक वेळा मुलींच्या अंगाची एकच बाजू धरते, तिथे नुसतं कोलेस्टेरॉलचं क्रीम पुरत नाही, सोबत स्टॅटिन (कोलेस्टेरॉल बनणं रोखणारं औषध) मिसळलं की फरक पडलेला दिसलाय, कारण कोलेस्टेरॉल बनण्याच्या वाटेतच साठणारे घटक त्याने कमी होतात. एक्स-लिंक्डमध्ये खपल्या सुटायला युरिया किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडचं क्रीम चालतं, मात्र वय आणि प्रमाण डॉक्टरांना विचारून. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तान्ह्या बाळाला अंगभर लावू नका, अशा कातडीतून ते रक्तात उतरतं.