होंडा यूएमके ४३५ ब्रश कटर: सार्वजनिक बागेच्या कामाला कसे आहे?

ब्रश कटर म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला फिरणाऱ्या नायलॉन दोरीने किंवा पात्याने गवत-झुडपे कापणारे यंत्र. बागेसाठी ते घेताना आधी इंजिन टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचे) की फोर-स्ट्रोक (ऑइल वेगळे) ते ठरवावे लागते. यूएमके ४३५ वरचे जीएक्स ३५ इंजिन फोर-स्ट्रोक आहे: ३५.८ सीसी, ७००० आरपीएमला सुमारे १ किलोवॅट. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नाही, त्यामुळे धूर आणि वास कमी. लोकांच्या बागेत हा गुण मोठाच. ऑइल वेगळे भरायचे, १०डब्ल्यू-३० (ऑइलच्या दाटपणाचा प्रकार), फक्त १०० मिली. इतक्या कमी ऑइलवर चालणाऱ्या इंजिनात रोज सकाळी पातळी पाहणे चुकले की ते बसलेच म्हणून समजा. ऑइल पहिल्यांदा १० तासांनी आणि मग दर ५० तासांनी बदलायचे, एअर फिल्टर २५ तासांनी साफ करायचा.

घोळ होतो तो गोदामात. तिथे जुनी टू-स्ट्रोक यंत्रेही असतात, त्यांना लिटरभर पेट्रोलमागे २० ते ४० मिली ऑइल लागते (प्रमाण कंपनीप्रमाणे). हे मिश्रण यूएमके ४३५ मध्ये गेले तर स्पार्क प्लग काळा पडतो. साधे पेट्रोल टू-स्ट्रोकमध्ये गेले तर पिस्टन जॅम. दोन रंगांचे कॅन ठेवा, चिठ्ठ्या पुसल्या जातात.

टाकी ०.६३ लिटरची, जोरात काम घेतले तर तासभरही पुरत नाही. गाजरगवत, कुंदा, कुंपणाकडेचे रान, उतार यांवर यंत्र उत्तम चालते. हिरवळीवर मात्र नको. हाताच्या झोक्याने गवत कुठे मुळापर्यंत सोलले जाते, कुठे उभेच राहते. लॉनला मोअरच (ढकलत चालवायचे गवत कापणी यंत्र) हवा, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये.

खरी अडचण यंत्राची नाही, वापराची आहे, आणि ती नव्या झाडांच्या बुंध्याशी दिसते. बहावा, ताम्हण, कांचन यांची दोन-तीन वर्षांची रोपे घ्या. नायलॉनची दोरी दोन-चार वेळा घासली की जमिनीलगत साल गोल सोलली जाते आणि आतले पांढरट लाकूड दिसू लागते. पाने लगेच सुकत नाहीत, कारण पाणी लाकडातून वर चढतच असते. पण पानांत तयार झालेले अन्न सालीतून खाली उतरते, ती वाट तुटते आणि मुळे उपाशी पडतात. काही महिन्यांनी झाड वाळते आणि बोल लागतो पाणी घालणाऱ्या माळ्याला.

उपाय स्वस्त आहे. खोडाभोवती एक मीटर व्यासाचे आळे खुरप्याने साफ ठेवा. त्यात ७ ते १० सेंमी पालापाचोळा पसरा, पण खोडापासून चार बोटे लांब. शिवाय चार इंची पीव्हीसी पाइपचा फूटभर तुकडा उभा चिरून खोडाभोवती सैल बसवा. आत वाळवी लागते, म्हणून महिन्यातून एकदा तो काढून बघाच.

दोरी २.४ मिमीची घ्या आणि रात्रभर पाण्यात भिजवा. वाळलेले नायलॉन कडक होऊन तुटते. स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या रिळावर) दोन पदर एकमेकांवर चढले तर उष्णतेने चिकटतात आणि हेड (दोरीचे फिरते टोक) जमिनीवर आपटूनही नवी दोरी सुटत नाही. लांब दोरी चालावी म्हणून गार्ड (जास्तीची दोरी छाटणारे आणि खडे अडवणारे आवरण) काढून टाकण्याची खोड सर्रास आहे. त्याने क्लच तापतो आणि खडे उडतात. १५ मीटरच्या आत कोणी नको, म्हणजे सकाळी फिरणाऱ्यांच्या गर्दीत हे काम होणारच नाही. बाग दुपारी बंद असते तेव्हाच उरका.

महिनाभर वापर नसेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते आणि पुढच्या वेळी कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उघडावा लागतो.

टू-स्ट्रोकपेक्षा महाग असले तरी बागेसाठी घ्यावे असे यंत्र. टेंडर काढताना त्यातच जादा ट्रिमर हेड, एअर फिल्टर, प्लग, गिअर हेडचे ग्रीस, चेहऱ्याची जाळी आणि पायाचे गार्ड लिहा. नंतर वेगळी मंजुरी मागत बसलात तर पावसाळा निघून जातो.