ब्लोअरची शेगडी की झडपेची?

कोळशाची शेगडी घ्यायचं नक्की झालं, की पुढचा प्रश्न वाऱ्याचा. खाली ब्लोअर बसवलेली घ्यावी, की सरकत्या झडपेची साधी लोखंडी? मुंबईत समुद्राकाठी वेसाव्याला घराच्या अंगणात मी दोन्ही वापरल्यात, जास्त करून मासे भाजायला. बोलतोय ते घरच्यापुरतं. धंद्यासाठी घेणार असाल तर आधी पालिकेचे नियम बघा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं होतं.

पेटवायला ब्लोअरच भारी. पावसाळ्यात लोणारी कोळसा दमट होतो, तडतडतो, पेट घेत नाही. साध्या शेगडीसमोर पुठ्ठा हलवत मला अर्धा तास बसावं लागतं, ब्लोअरने दहा मिनिटांत काम होतं.

माझं बिनसलं ते राखेवरून. निखारे फुलले की त्यांच्यावर पांढऱ्या राखेचा पातळ थर धरतो, आणि तोच आच मऊ ठेवतो. ब्लोअर अगदी कमीवर ठेवला तरी तो थर उडायचा आणि बांगड्याच्या ओल्या मसाल्यावर जाऊन बसायचा. झटकून जात नाही, धुता येत नाही. ब्लोअर बंद करावा तर माझ्या शेगडीत खालून हवा यायला दुसरी वाटच नव्हती. थोड्या वेळात निखारे मलूल. परत चालू केला की परत राख. एकदा आईने काही न बोलता वरची कातडी सोलून बाजूला ठेवली आणि आतलं तेवढं खाल्लं. त्याच आठवड्यात मी जुनी शेगडी माळ्यावरून काढली.

झडप सावकाश ऐकते, हे मान्य. लोटल्यावर आच उतरायला चार-पाच मिनिटं जातात, म्हणून मासा जाळीवर टाकायच्या आधीच लोटायची. कणसाला झडप पूर्ण उघडी, बांगड्याला दोन बोटं. दुपारी खारे वारे सुटले की शेगडीचं तोंड पश्चिमेला करतो, निखारे आपसूक फुलतात; भाजताना तोंड भिंतीकडे फिरवतो.

खाऱ्या हवेत झडपेची खाच गंजते आणि राख अडकून झडप अडते. मी दर रविवारी ती ब्रशने घासतो. दुकानात झडप पूर्ण बंद करून बघा. फट राहिली तर आच कधीच उतरणार नाही. आणि झडप लोटल्यावर धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतच असतो, कमी हवेत तर जास्तच. काचा लावलेल्या बाल्कनीत दोन्हींपैकी एकही शेगडी नको.

तरी ठरत नसेल तर माझ्या मते झडपेची घ्या आणि पेटवण्यापुरता हाताने फिरवायचा छोटा ब्लोअर वेगळा ठेवा. निखारे फुलले की तो उचलून बाजूला, मग मासा.