रेव्हिटमध्ये भिंती अलाइन आणि लॉक करणे: काही महिन्यांच्या वापरानंतर

नागपुरात बेसा-मनीषनगरकडच्या दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवरची घरं आणि तीन-चार मजली फ्लॅट स्कीम अशी कामं काही महिने रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं मॉडेल आणि ड्रॉइंग करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, केल्यावर मत पक्कं झालं आहे: अलाइन (भिंत दुसऱ्या रेषेशी जुळवणं) हवं तितकं वापरावं, पण त्यानंतर दिसणारं कुलूप (ती जुळणी कायम बांधून ठेवणारं लॉक) मोजक्याच ठिकाणी लावावं.

आधी अलाइन. ए-एल दाबा, जिच्याशी जुळवायचं ती रेषा आधी टिपा, भिंत नंतर. पर्यायांच्या पट्टीत ‘प्रिफर’समोर चार निवडी असतात: भिंतीची मध्यरेषा, भिंतीचा फेस (बाहेरचा पृष्ठभाग), कोअरचा (प्लास्टर सोडून आतल्या विटेचा) मध्य, कोअरचा फेस. आपल्या बांधकामाला चौथी लागते. नऊ इंची बाहेरची भिंत म्हणजे २० मिमी बाहेरचं प्लास्टर, २३० वीट, १२ आतलं प्लास्टर. कॉलमही २३० चा. भिंतीचा फेस कॉलमच्या फेसशी जुळवला तर कॉलमशी प्लास्टर जुळतं, वीट नाही. वीट २० मिमी आत सरकते आणि खोलीच्या बाजूला तेवढीच कॉलमच्या पुढे येते. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना असंच झालं की खोलीचं माप ४० मिमीने कमी. साइटवर मिस्त्री विटेचा फेस कॉलमशीच लावणार, त्यामुळे ड्रॉइंग आणि काम यांचा मेळ बसत नाही.

लोकेशन लाइन, म्हणजे भिंत ज्या रेषेवर धरली जाते ती, हीही ‘कोअर फेस: एक्स्टिरियर’ (विटेचा बाहेरचा फेस) ठेवा. उद्या प्लास्टरऐवजी दगडी क्लॅडिंग आलं तरी वीट जागची हलत नाही, जाडी बाहेर वाढते. मात्र स्पेसबारने भिंत उलटवली की ती याच रेषेभोवती उलटते आणि वीट कॉलमच्या बाहेर जाऊन पडते. अशा वेळी लोकेशन लाइन तात्पुरती ‘कोअर सेंटरलाइन’ करा, भिंत उलटवा, मग पूर्ववत करा. मुळात भिंती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काढल्या तर बाहेरची बाजू बाहेरच राहते.

आता कुलूप. बाहेरची भिंत ग्रिडला (कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषांना) लॉक करणं फायद्याचं आहे. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने ग्रिड ७५ मिमी सरकवली की भिंत सोबत जाते. घात होतो तो भिंतीला भिंत बांधण्यात. स्वयंपाकघराची भिंत बाथरूमला, बाथरूमची डक्टला, आणि त्यातच डक्टचं ६०० चं माप लॉक केलेलं. अशी साखळी झाली की एक भिंत हलवताच ‘कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड’ (बंधनं पाळता येत नाहीत) ही सूचना येते. तिथे घाईने ‘रिमूव्ह कन्स्ट्रेंट्स’ दाबू नका, कोणतं बंधन सुटलं ते नंतर शोधत बसावं लागतं. कॅन्सल करा आणि व्ह्यूच्या खालच्या पट्टीतलं ‘रिव्हील कन्स्ट्रेंट्स’ चालू करा. ते त्या व्ह्यूपुरतंच दाखवतं, म्हणून सेक्शनमध्येही (उभ्या छेदातही) बघा.

आणखी एक: लॉक केलेलं डायमेन्शन (माप) पुसलं तरी बंधन आपोआप जात नाही. पुसताना चौकट येते, तिच्यात ‘अनकन्स्ट्रेन’ निवडावं लागतं. नुसतं ओके केलं तर माप दिसेनासं होतं आणि भिंत मात्र बांधलेलीच राहते. ‘ही भिंत का हलत नाही’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. ठराविक मजल्याचा ग्रुप (एकत्र कॉपी होणारा संच) केला असेल तर ग्रुपमधली भिंत ग्रुपबाहेरच्या कशालाही लॉक करू नका. नुसतं जागेवर राहायला हवं असेल तर पिन पुरते.

उंचीचं सोपं आहे. भिंतीची उंची ‘अनकनेक्टेड’ (नुसता आकडा) न ठेवता टॉप कन्स्ट्रेंट वरच्या लेव्हलला (मजल्याच्या पातळीला) द्या. लेव्हल स्लॅबच्या वरच्या पातळीवर धरली असेल, तर ४५० च्या बीमखाली टॉप ऑफसेट उणे ४५०, नुसत्या १२५ च्या स्लॅबखाली उणे १२५.

जुन्या ऑटोकॅड फाइलवरून भिंती ओढल्या असतील तर ‘स्लाइटली ऑफ अ‍ॅक्सिस’ (भिंत किंचित तिरकी आहे) या सूचनेकडे दुर्लक्ष नको. ०.०२ अंशांचा फरक ९ मीटरच्या भिंतीत ३ मिमी होतो, आणि अशा भिंतीचं ग्रिडपासून माप टाकायला गेलं तर टाकता येत नाही. सरळ रेफरन्स प्लेन (संदर्भासाठीची रेषा) काढून त्याला अलाइन केलं की भिंत फिरून सरळ होते.

कार्पेट एरिया काढण्याआधी हे सगळं निस्तरा. रेराच्या (स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या) व्याख्येत बाहेरच्या भिंतींची जाडी वगळतात, फ्लॅटच्या आतल्या पार्टिशनची धरतात. रूम एरिया ‘अ‍ॅट वॉल फिनिश’ (भिंतीच्या प्लास्टरपर्यंत) ठेवला तर पार्टिशनची जागा त्यात येत नाही, ती वेगळी मिळवावी लागते.