अ‍ॅम्बॅसडर मार्क टूला इसुझूचं इंजिन आणि पाच गियर: चौदा महिने चालवल्यावर

गाडी १९७४ ची मार्क टू. आमच्या आण्णांनी १९८१ साली सेकंडहँड घेतली आणि तेव्हापासून ती साताऱ्यातच आहे. गेल्या वर्षी गुढीपाडव्याला ती नव्या इंजिनावर रस्त्यावर आली. आज चौदा महिने झाले, खरे किलोमीटर ९,४०० (खरे का म्हणतो ते पुढं येईल). हे काम करायचं म्हणून मला विचारणारे बरेच भेटतात, त्यांना प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी होतं ते १४८९ सीसीचं जुनं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातलं इंजिन, पन्नासच्या आसपास हॉर्सपॉवर, स्टिअरिंगच्या दांड्यावर चार गियर. दोनदा बोअर झालेलं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून मोठे केलेलं. तिसऱ्यांदा करायचं म्हटलं तर ब्लॉकमध्ये जागा उरली नव्हती, स्लीव्ह (आतून नव्या नळ्या) टाकावे लागणार होते. आता आहे ते १८१७ सीसीचं इसुझू, पंचाहत्तर हॉर्सपॉवर, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी दाबानं पेट्रोल फवारणारं), खाली जमिनीवर पाच गियर. हिंदुस्तान मोटर्सनं नव्वदच्या दशकात हेच इंजिन स्वतः अ‍ॅम्बॅसडरमध्ये बसवलं, एमपीएफआय मागाहून आलं. म्हणजे मी काही शोध लावलेला नाही. कंपनीनं पुढच्या गाड्यांना जे दिलं ते मी मागच्या गाडीला दिलं, एवढंच.

हेच का निवडलं, तर कागदांमुळं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसी बुकातल्या नोंदी कंपनीच्या मूळ नोंदींशी जुळल्या पाहिजेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच ठासून सांगितलं. माझं इंजिन त्याच कंपनीनं त्याच मॉडेलला दिलेलं, म्हणून अर्जाला निदान तोंड तरी होतं. अर्ज, डोनर गाडीचे (जिचं इंजिन काढून घ्यायचं तिचे) कागद, तपासणी, आणि मंजुरी हातात आल्यावरच बोल्टला पाना लावला. ‘आधी बसवू, मग नोंद करून घेऊ’ म्हणणारा एजंट सगळीकडं भेटतो. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी इंजिन नंबर बघते, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही.

कागदांचं आणखी एक. २०२१ च्या नियमाप्रमाणं पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए मालिकेतला नंबर मिळतो. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झाला की तो दरवाजा बंद. शिवाय व्हिंटेज नंबरावर गाडी रोज फिरवता येत नाही. आमच्या गाडीला पन्नास पूर्ण झाली आणि त्याच वर्षी मी इंजिन बदलायला काढलं. जाणकारांनी मला वेड्यात काढलं. पण मला गाडी प्रदर्शनात उभी करायची नव्हती. मला वाईला, पुण्याला आणि पावसाळा सरला की कासला जायचं होतं, ते सुद्धा आई-आण्णांना मागं बसवून.

कोल्हापूरजवळ सरकारी लिलावातली एक पांढरी इसुझू अ‍ॅम्बॅसडर अख्खी मिळाली. इथं एक गोष्ट ठामपणे सांगतो: सुटं इंजिन घेऊ नका, अख्खी गाडी घ्या. फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर बसतं ते) ब्रॅकेट, वायरिंगचा गुच्छ, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), सायलेन्सरचा पुढचा तुकडा, ब्रेकचा बूस्टर, पुढचे डिस्क हे सगळं तिच्यातूनच निघतं. सुटं इंजिन स्वस्त दिसतं आणि मग एकेका ब्रॅकेटसाठी लेथवाल्याकडं खेपा सुरू होतात.

पहिल्या गॅरेजनं (नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती, घाईची होती) अकरा दिवसांत गाडी सुरू करून दिली. मधल्या बोगद्याचा (गियरबॉक्सवरच्या फुगवट्याचा) पत्रा गियर लिव्हरसाठी कापला, गियरबॉक्स टांगला, मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट कापून लांबी जुळवली. मी खूश. पोवई नाक्यापर्यंत खूश होतो. हायवेला लागून पासष्टच्या पुढं गेलो आणि सीटखालून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. सत्तरला आरसा थरथरायचा, ऐंशीला थोडं कमी व्हायचं. शाफ्ट दोनदा बॅलन्स करून आणला, क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे) नवे टाकले, आवाज तिथंच.

मग नानांकडं गेलो. नाना म्हणजे आमच्या भागातले जुने मिस्त्री, वय सत्तरीपार, आता फक्त बसून सांगतात, हात पोरगा चालवतो. त्यांनी गाडी चालवून बघितली सुद्धा नाही. खड्ड्यात उतरले, बॅटरी मारली आणि म्हणाले, “मालक, शाफ्टला काय झालं न्हाई. ही शेपूट वर हाय बघा.” गियरबॉक्सच्या मागच्या फाउंडेशनखाली पहिल्या गॅरेजनं उंची जुळवायला चार वॉशर घातले होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस सारख्या कोनात वाकलेले असले तर पुढच्याची हिसक मागचा खाऊन टाकतो. कोन वेगळे झाले की ती हिसक गाडीत उतरते. नानांच्या पोरानं मोबाइलवर कोन मोजायचं अ‍ॅप उघडून आधी गियरबॉक्सच्या शेपटीला लावला, मग डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांमधल्या गियरपेटीच्या) तोंडाला. अडीच अंशांचा फरक. वॉशर काढले, ब्रॅकेटची भोकं लांबवून शेपूट खाली घेतली. तीन तासांचं काम. आधी शाफ्टवर माझे नऊ हजार गेले होते.

दुसरा त्रास यवतेश्वरच्या घाटात. टाकी पाव भरलेली, चढाचं वळण घेतलं की गाडी एकदम श्वास सोडल्यासारखी व्हायची, वळण संपलं की पुन्हा नीट. सपाट रस्त्यावर कधीच नाही. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, एका इलेक्ट्रिशियननं सेन्सरही बदलायला लावला. खरं कारण टाकीत होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत फ्लोटच्या वाटीत घोटभर पेट्रोल कायम शिल्लक असतं, त्यामुळं टाकीत पेट्रोल एका बाजूला गेलं तरी इंजिनाला कळत नाही. एमपीएफआयला सतत दाब लागतो. पंपानं एक सेकंद हवा ओढली तरी लगेच कळतं. आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या टाकीत पेट्रोल अडवून धरणारं काहीच नव्हतं. उपाय असा केला: डिक्कीखाली लिटरभराची एक डबी बसवली, जुन्या पद्धतीचा कमी दाबाचा पंप ती भरत राहतो आणि दाबाचा पंप त्या डबीतून ओढतो. जादा झालेलं परत टाकीत. त्यानंतर काट्याचं तांबडं लागेपर्यंत घाट चढून बघितला, एकदाही दम लागला नाही. त्याच कामात सगळे रबरी पाईप इंजेक्शनच्या दाबाचे आणि इथेनॉल सोसणारे घातले. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं, जुने पाईप त्यात मऊ पडून पाझरायला लागतात. जुन्या गाडीवाल्यांनी इंजिन बदलो न बदलो, एवढं तरी करावं.

आता किलोमीटरची गंमत. पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत होतो, गाडी तेराचं अ‍ॅव्हरेज देते. जुनी नऊ द्यायची. माझ्या पोरानं एकदा वाईला जाताना फोनवर जीपीएस लावलं. काटा ऐंशीवर, फोन म्हणतो सदुसष्ट. म्हणजे माझा काटा थापा मारत होता आणि सोबत किलोमीटरही फुगवत होता. खरं अ‍ॅव्हरेज अकराच्या आत. कारण साधं. स्पीडोमीटरची केबल नव्या गियरबॉक्सला आणि मागं डिफरन्शियल जुनंच. काटा शाफ्टचे फेरे मोजतो, चाकांचे नाही. आम्ही गाडी स्टँडवर घेऊन शाफ्टवर खडूची रेघ मारली आणि दोन्ही मागची चाकं एकदमच एक पूर्ण फेरा फिरवली. शाफ्ट पावणेपाचाच्याही थोडा वर फिरला. डोनर गाडीचा मोजला तर चारच्या थोडा वर. जुनं इंजिन कमी ताकदीचं, त्याला तसंच डिफरन्शियल हवं होतं. नव्याला ते म्हणजे बैलाला शेळीचं दावं. जीपीएसच्या ऐंशीला पाचव्या गियरमध्ये इंजिन २,६५० वर ओरडत होतं. पाचवा गियर असून चौथ्यासारखा.

हे पहिल्याच दिवशी बदलायला हवं होतं, डोनर गाडीत ते फुकट पडलं होतं. पैसे संपले म्हणून राहिलं. दिवाळीनंतर बदललं. ऐंशीला इंजिन आता २,२५० च्या आत असतं, गाडीत बोलताना आवाज चढवावा लागत नाही, अ‍ॅव्हरेज हायवेला साडेबारा. आणि काटा कुणी हात न लावता खरं बोलायला लागला.

ताकदीबद्दल सगळे विचारतात. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना आधी दुसऱ्या गियरमध्ये ट्रकच्या मागं जायचो, एक डोळा टेंपरेचरवर. आता तिसऱ्यात पंचावन्नला जातो आणि काटा मध्यावरच असतो (रेडिएटर नवा, तांब्याचा, वर इलेक्ट्रिक फॅन). पण खरं सांगू का, मला इंजिनापेक्षा गियरबॉक्सचा फायदा जास्त झाला. जुन्या बॉक्सला पहिल्या गियरला सिंक्रो (चालत्या गाडीत गियर अलगद पडू देणारी कडी) नव्हता. पसरणीच्या आवळ वळणावर समोर एसटी आली की दुसऱ्यात गाडी कुंथायची, आणि पहिला टाकायचा तर थांबा, नाहीतर डबल क्लच मारा (एका गियरसाठी दोनदा क्लच). चुकलं की तो करकराट सगळ्या घाटाला ऐकू जायचा. आता चालत्या गाडीत पहिला पडतो. घाटात राहणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

ब्रेकला कंजुषी करू नका. चारी ड्रमवर पंचाहत्तर हॉर्सपॉवर मी एक आठवडा चालवली आणि आनेवाडी टोलनाक्यावर पुढच्याच्या डिक्कीला टेकता टेकता वाचलो. त्यानंतर पुढं डिस्क आणि बूस्टर. अर्थची पट्टीही (विजेची परतीची जोडणी) जाड घाला आणि तिच्याखालचा रंग घासून काढा. गाडी सिग्नलला विनाकारण बंद पडायची त्याचं मूळ तेवढंच निघालं.

खर्च: डोनर गाडी ८५ हजार, मजुरी दोन्ही गॅरेजची मिळून ७० हजार, बाकी रेडिएटर, ब्रेक, पेट्रोलची लाइन, शाफ्ट, वायरिंग धरून एकूण दोन लाख साठ हजार. मी धरले होते एक लाख चाळीस. डोनरची भंगारात गेलेली बॉडी आणि काही सुटे भाग यातून बावीस हजार परत आले.

गमावलं ते हे. पुढची सीट अखंड होती, तिच्यावर तिघं बसायचे. लहानपणी मी मध्ये, एका बाजूला आण्णा, एका बाजूला आई. आता मध्ये लिव्हर आहे. सीट ठेवली, पण मधला माणूस गेला. स्टिअरिंगचा दांडाही बोडका दिसतो. पहिल्यांदा आण्णांना चालवायला दिली तेव्हा शाहूपुरीच्या रस्त्यावर गियर टाकायला त्यांचा डावा हात दोनदा दांड्याकडं गेला, हवेत थांबला आणि मग खाली लिव्हर शोधत आला. तिसऱ्यांदा त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि म्हणाले, “तूच चालव.” त्यानंतर त्यांनी चालवलेली नाही. हे अ‍ॅव्हरेजच्या वहीत कुठं लिहायचं मला माहीत नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. मागच्या सीलमधून रात्रीत तेलाचे दोन थेंब पडतात, खाली पुठ्ठा ठेवतो. उन्हाळ्यात बोगद्याचा पत्रा तापतो, आतून फेल्ट आणि फॉइल लावूनही डाव्या पायाला धग लागते. एसी लावलेला नाही आणि लावणार नाही.

जुनं इंजिन विकणार का, हा प्रश्न रोज येतो. नाही. ते शेडमध्ये दोन टायरांवर ठेवलंय, प्लगच्या भोकांतून तेल सोडलंय, महिन्यातून एकदा हँडल घालून चार फेरे फिरवतो म्हणजे जाम होणार नाही. नव्या इंजिनाला हँडल लागतच नाही, बंपरमधलं भोक नुसतं शोभेला राहिलंय. तरी ते हँडल मी शेडमध्ये ठेवलं की आण्णा उचलून परत डिक्कीत स्टेपनीशेजारी नेऊन ठेवतात, आणि मला दर महिन्याला ते तिथूनच काढून आणावं लागतं.